जमिनीवर मारा करणारीं विमानपथकें

धुळ्याहून आग्रा रस्त्यानें नाशिककडे निघालें म्हणजे मालेगांव, चांदवड, पिंपळगांव हीं गांवें मागें टाकल्यावर ओझर येतें. ही बाजू द्राक्षांच्या मळ्यांसाठीं प्रसिद्ध. परंतु ओझरची दुसरी ओळख विमानांच्या कारखान्याची आहे. खानदेशांत लढाऊ विमानांचा तळ नाहीं. जळगांव जिल्ह्यांत वरणगांवास पायदळाच्या बंदुकांचीं काडतुसें तयार होतात, एवढाच काय तो या प्रांताचा लढाईच्या साहित्याशीं ठळक संबंध. त्याच पायदळाला डोक्यावरून साह्य करणारें विमान मात्र धुळ्याच्याच रस्त्यावर, ओझरास तयार झालें. एकंदर १६५ मिग-२७ विमानें तेथून बाहेर पडलीं. त्या विमानाचें कुळ कोणतें, त्याचे पूर्वज कोण, आणि त्याचा शेवट कसा झाला, हा आजचा विषय आहे.

लढाऊ विमान हा शब्द सैलपणें वापरला जातो. शत्रूच्या विमानाशीं आकाशांत झुंजणारें विमान वेगळें, आणि शत्रूचे रणगाडे, पूल, आगगाड्या व धांवपट्ट्या यांवर मारा करणारें विमान वेगळें. पहिल्याचें काम बहुधा उंचावर, दुसऱ्याचें जमिनीलगत. शत्रूच्या रडारला दिसूं नये म्हणून तें झाडांच्या शेंड्यांवरून येतें, आणि लक्ष्यावर पोंचलें कीं तेथील प्रत्येक तोफ त्याच्याकडे वळते. हवाई युद्धाच्या कथांत द्वंद्वयुद्ध करणाऱ्या वैमानिकाचें नांव होतें. रणगाड्यांवर रॉकेटें सोडून परतलेल्याची आठवण त्या दिवशीं खंदकांत बसलेल्या सैनिकांनाच काय ती राहते. वैमानिक मात्र या कामांत फार खर्ची पडतात.

अशा विमानांचें एक पथक साधारणतः सोळा ते अठरा विमानांचें असतें. विमानें जुनीं होऊन जातात, पथकाचा क्रमांक व त्याचें निशाण राहतें. दोनशें विसाव्या पथकाकडे प्रथम मरुत विमानें होतीं, पुढें मिग-२३ आलीं, आणि त्यानंतर सुखोई-३०. घराणें तेंच, घोडे तेवढे बदलले.

भारतीय हवाई दलाची स्थापना १९३२ च्या आक्टोबरांत झाली व पुढील वर्षाच्या एप्रिलांत कराचीस पहिलें पथक उभें राहिलें. त्या पथकाचीं वापिती विमानें वायव्य सरहद्दीवर सैन्याच्या साह्यार्थ उडत. दुसऱ्या महायुद्धांत सातव्या व आठव्या पथकांनीं ब्रह्मदेशाच्या आघाडीवर व्हेंजन्स जातीच्या विमानांतून जपानी ठाण्यांवर सूर मारून बाँब टाकले. १९४७-४८ च्या काश्मीर-युद्धांत टेंपेस्ट विमानांनीं हेंच काम केलें. त्या युद्धांतील कामगिरीबद्दल ज्यांना महावीरचक्र मिळालें, त्यांत हृषीकेश मूळगांवकर हे महाराष्ट्रीय अधिकारी होते. थोडक्यांत, भारतीय हवाई दलाची आरंभापासूनची संवय जमिनीकडे पाहण्याची आहे.

जेट विमानांचें युग १९४८ च्या नोव्हेंबरांत ब्रिटनहून आलेल्या व्हँपायर विमानांनीं सुरू झालें. १९५३ सालीं फ्रान्सची उरागां आलीं. त्यांना येथें ‘तुफानी’ असें देशी नांव मिळालें. १९५७ सालीं फ्रान्सचींच मिस्तेर व ब्रिटनचीं हंटर आलीं. हीं सर्व परदेशी दुकानांतून घेतलेलीं विमानें. परंतु हंटरसारखें निकोप व उमदें विमान मिळालें हें हवाई दलाचें भाग्यच म्हटलें पाहिजे.

या विमानांचा पहिला मोठा उपयोग महाराष्ट्राच्या अगदीं अंगणांत झाला. १८ डिसेंबर १९६१ रोजीं बेळगांवाजवळील सांबरें तळावरून सतराव्या पथकाचीं हंटर विमानें निघालीं व त्यांनीं गोव्यांत बांबोळीचें बिनतारी केंद्र रॉकेटांनीं व तोफांनीं निकामी केलें. पुण्याहून गेलेल्या कॅनबेरा विमानांनीं दाभोळीच्या धांवपट्टीवर बाँब टाकले. तरीहि त्याच रात्रीं अर्धवट दुरुस्त केलेल्या त्या धांवपट्टीवरून दोन पोर्तुगीज प्रवासी विमानें निसटून कराचीस पोंचलीं. धांवपट्टी फोडणें दिसतें तितकें सोपें नसतें, हा धडा गोव्यांत फार स्वस्तांत मिळाला.

चार वर्षांनीं मिळालेला धडा महाग होता. १ सप्टेंबर १९६५ रोजीं छांबमध्यें पाकिस्तानी रणगाडे वेगानें पुढें सरकूं लागले. सायंकाळीं पठाणकोटहून पंचेचाळिसाव्या पथकाचीं व्हँपायर विमानें पाठविण्यांत आलीं, कारण हाताशीं तींच होतीं. सतरा वर्षांपूर्वीं जें विमान आशियांत नवलाईचें होतें, तें आतां सेबर विमानांपुढें म्हाताऱ्या बैलासारखें होतें. त्या एका संध्याकाळीं चार व्हँपायर पडलीं, आणि त्यानंतर या जातीला आघाडीवरून काढून घेण्यांत आलें. त्या वैमानिकांनीं जावयास नको होतें असें म्हणतां येणार नाहीं. खालीं पायदळ वाट पाहत होतें. प्रश्न एवढाच कीं, जुनें विमान वेळेवर कां बदललें गेलें नाहीं? हा प्रश्न पुढेंहि पुनःपुन्हां उभा राहिलेला दिसेल.

त्याचें उत्तर देण्याचा एक मोठा प्रयत्न बंगळूरास आधींच सुरू झाला होता. जर्मनीचे नामांकित विमानरचनाकार कुर्ट टँक १९५६ सालीं हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारखान्यांत आले. ध्वनीच्या दुप्पट वेगानें जाणारें विमान त्यांच्याकडून हवें होतें. १७ जून १९६१ रोजीं विंग कमांडर सुरंजन दास यांनीं ‘मरुत’ प्रथम आकाशांत नेलें. विमानाची बांधणी सुरेख होती. खालीं, दाट हवेंत, तें अत्यंत स्थिर उडे. उणीव होती ती एंजिनाची. ज्या शक्तिमान एंजिनाच्या हिशेबानें विमान आंखलें होतें, त्याच्या विकासाचा खर्च सोसण्यास भारत सरकार तयार झालें नाहीं, म्हणून ऑर्फियस जातीचीं दोन दुबळीं एंजिनें त्यांत बसविण्यांत आलीं. ध्वनीच्या दुप्पट वेग दूरच राहिला. सरळ उड्डाणांत ध्वनीचा वेग गांठतांनाहि त्याला धांप लागे. मग दुसऱ्या एंजिनाचा शोध सुरू झाला. रशियाचें पाहून झालें. इजिप्त त्या वेळीं स्वतःचें एंजिन तयार करीत होता, म्हणून एक मरुत विमान हेलवानला नेऊन तें एंजिन त्यांत उडवूनहि पाहिलें. पुढें इजिप्तनेंच तो उद्योग गुंडाळला. शेवटीं जुन्याच ऑर्फियसला जोर देण्याचे प्रयोग बंगळूरास चालले असतां १० जानेवारी १९७० रोजीं अशाच एका विमानाच्या अपघातांत सुरंजन दास यांचा अंत झाला. त्या वेळीं ते ग्रूप कॅप्टन झाले होते. ज्या हातांनीं तें विमान पहिल्यानें उचललें, तेच हात त्याच्याबरोबर गेले.

तरी मरुत वायां गेलें असें समजणें अन्यायाचें होईल. १९६७ पासून दहावें, दोनशें विसावें व एकतिसावें अशीं तीन पथकें या विमानांचीं झालीं, आणि १९७१ च्या युद्धांत त्यांतील पहिल्या दोन पथकांनीं राजस्थान-सिंधच्या आघाडीवर रणगाडे, आगगाड्या व साठे यांवर सतत मारा केला. एक एंजिन गोळीनें बंद पडलें असतां दुसऱ्यावर परतलेलीं विमानेंहि त्यांत होतीं. त्याच युद्धांत ५ डिसेंबरच्या पहांटे लोंगेवाला येथें मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांची लहानशी तुकडी रणगाड्यांच्या वेढ्यांत सांपडली होती. जैसलमेरच्या हंटर विमानांना रात्रीं उडतां येत नव्हतें, म्हणून उजाडेपर्यंत तुकडीनें तग धरला, आणि उजाडल्यावर उघड्या वाळवंटांतील रणगाड्यांची जी दशा झाली ती सर्वश्रुत आहे. जमिनीवर मारा करणाऱ्या पथकाचें काम काय, हें याहून स्पष्ट दाखविणारा दुसरा प्रसंग भारताच्या इतिहासांत नाहीं. १९६८ पासून आलेल्या रशियन सुखोई-७ विमानांना मात्र त्या युद्धांत जबर हानि सोसावी लागली.

मरुत एकंदर १४७ तयार झालीं व नंतर तें काम थांबलें. हवाई दल पुन्हां परदेशी दुकानाच्या पायरीवर उभें राहिलें. १९७६ ते १९७८ या काळांत वर उल्लेखिलेले मूळगांवकर हवाई दलाचे प्रमुख होते. त्यांच्या निवृत्तीनंतर थोड्याच दिवसांत, १९७८ सालींच, ब्रिटिश-फ्रेंच जग्वार विमानें घेण्याचा निर्णय झाला. पहिलीं जग्वार १९७९ च्या जुलैंत अंबाल्यास चौदाव्या पथकांत आलीं. सुरुवातीचीं कांहीं तर ब्रिटिश हवाई दलाकडून उसनीं घेतलेलीं होतीं. पुढें हें विमान बंगळूरास बनूं लागलें. सहाव्या पथकाचीं जग्वार पुण्याच्या लोहगांवाहून समुद्रावरील जहाजांवर नजर ठेवीत. उत्तम विमान, पण उन्हाळ्यांतील तप्त हवेंत पुरा भार घेऊन उडतांना त्याचेंहि एंजिन अपुरें पडे. नवें एंजिन बसविण्याची योजना वर्षानुवर्षें चालली व २०१९ सालीं खर्चाच्या कारणानें सोडून देण्यांत आली.

आतां ओझर. चीनच्या युद्धानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले व १९६३ सालीं नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. १९६४ सालीं कारखाना ओझरास आला, त्याचा या निवडणुकीशीं संबंध नाशिककर आवर्जून जोडतात. रशियन मिग विमानांचे तीन कारखाने तीन ठिकाणीं वांटले गेले: विमानाचा सांगाडा ओझरास, एंजिन ओरिसांतील कोरापुटास, विद्युत्-उपकरणें हैदराबादेस. ओझरास आधीं मिग-२१ तयार झालीं, आणि १९८० नंतरच्या दशकांत मिग-२७ चें काम आलें. हें विमान खास जमिनीवर माऱ्याचें. उड्डाण करतांना पंख पसरलेले, वेग घेतांना मागें मिटलेले. पक्षी सूर मारतांना करतो तसें. नाक उतरतें, म्हणजे वैमानिकाला खालचें लक्ष्य नीट दिसावें. येथें त्याला ‘बहादूर’ म्हणत.

कारगिलच्या युद्धांत २६ मे १९९९ रोजीं हवाई हल्ले सुरू झाले. हवाई दलाचे प्रमुख अनिल यशवंत टिपणीस हे होते. शत्रू सुमारें पांच हजार मीटर उंचीच्या शिखरांवर बसलेला, आणि सपाट मुलखासाठीं घडविलेलीं हीं विमानें विरळ हवेंत पाठवावीं लागलीं. दुसऱ्याच दिवशीं फ्लाइट लेफ्टनंट नचिकेत यांनीं रॉकेटें सोडल्यावर त्यांच्या मिग-२७ चें एंजिन विझलें; ते उडी टाकून उतरले व शत्रूच्या हातीं सांपडले. त्यांच्या शोधार्थ मागें रेंगाळलेले स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा यांचें मिग-२१ क्षेपणास्त्रानें पाडलें गेलें व आहुजा प्राणांस मुकले. नचिकेत आठवड्याभरानें परत आले.

एंजिनाच्या तक्रारींमुळें मिग-२७ चीं उड्डाणें पुढेंहि अधूनमधून थांबवावीं लागलीं. शेवटीं २७ डिसेंबर २०१९ रोजीं जोधपुरास एकोणतिसाव्या पथकानें तीं कायमचीं उतरविलीं. ओझरास तोंवर दुसऱ्याच विमानांची बांधणी जोरांत होती: २००४ पासून सुखोई-३०. हें विमान आकाशांत झुंजतें आणि जमिनीवरहि मारा करतें, त्यामुळें माऱ्याचीं म्हणून वेगळीं पथकें ठेवण्याची रीतच हळूहळू मागें पडली. २५ नोव्हेंबर २००९ रोजीं लोहगांवाहून अशा एका सुखोईंत बसून राष्ट्रपति प्रतिभाताई पाटील यांनीं सुमारें अर्ध्या तासाचें उड्डाण केलें. जळगांव जिल्ह्यांतील नाडगांवचा त्यांचा जन्म; वय त्या वेळीं ७४. वैमानिकाचा पोशाख घातलेलें त्यांचें छायाचित्र खानदेशांत अनेकांच्या स्मरणांत असेल.

हवाई दलाला ४२ लढाऊ पथकें मंजूर आहेत. २६ सप्टेंबर २०२५ रोजीं शेवटचीं मिग-२१ चंदिगडास निवृत्त झालीं, तेव्हां प्रत्यक्षांत २९ उरलीं. जग्वारचीं पथकें त्यांत धरून. आणि २०२५ याच वर्षीं मार्च ते जुलै या अवधींत तीन जग्वार कोसळलीं व तीन वैमानिक गेले. बाकीच्या सर्व देशांनीं हें विमान त्यापूर्वींच मोडीत काढलें होतें.

१७ आक्टोबर २०२५ रोजीं ओझरच्या धांवपट्टीवरून तेथेंच बांधलेलें पहिलें तेजस विमान उडालें. रेखाटन भारतीय, बांधणी भारतीय. १९८९ सालीं ज्याचें काम हातीं घेतलें तें कावेरी एंजिन या विमानासाठीं वेळेंत पुरें झालें नाहीं. म्हणून त्यांत बसविलेलें एफ-४०४ एंजिन अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीचें आहे; तीं एंजिनें उशिरानें येत गेल्यामुळें पथकांना मिळावयाचीं विमानेंहि उशिरानें तयार होत गेलीं.