दोन्ही हात उजवे

आजचा इंग्रजी शब्द आहे ‘अँबिडेक्स्ट्रस’, म्हणजे दोन्ही हातांनी सारख्याच सफाईने काम करणारा. आपल्या भाषेत सव्यसाची. लॅटिनमध्ये ‘अँबी’ म्हणजे दोन्ही आणि ‘डेक्स्टर’ म्हणजे उजवा. सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये दोन्ही पक्षांकडून लाच खाणाऱ्या ज्यूरीला ‘अँबिडेक्स्टर’ म्हणत.

दोन्ही हातांनी काम करण्याचं एक उदाहरण गांधीजींचं. १९०९ मध्ये लंडनहून दक्षिण आफ्रिकेला जाताना त्यांनी बोटीवरच ‘हिंद स्वराज्य’ हे पुस्तक लिहून काढलं. उजवा हात भरून आला की ते डाव्या हाताने लिहीत. सुमारे ४० पानं अशी उतरली.

हा शब्द क्रिकेटच्या समालोचनातही ऐकू येतो. विदर्भाचा अक्षय कर्णेवार दोन्ही हातांनी फिरकी टाकतो, म्हणून तो ‘अँबिडेक्स्ट्रस’ गोलंदाज. आजपासून हा शब्द तुम्हीही जरूर वापरा.