लहान मेंदूतल्या मध्यस्थ पेशी

डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या वर आपला लहान मेंदू असतो. शरीराचा तोल आणि हालचालींची अचूकता तो सांभाळतो. त्याच्या बाहेरच्या आवरणात तीन थर असतात. मधल्या थरात ओळीने पुर्किंजे पेशी असतात आणि आवरणाबाहेर निरोप जातो तो त्यांच्यामार्फतच.

या निरोपाला लगाम घालणाऱ्या मध्यस्थ चेतापेशी सगळीकडे सारख्या विखुरलेल्या नाहीत. सर्वांत वरच्या थरात, पृष्ठभागाजवळ ताराकृती पेशी; त्या पुर्किंजेच्या फांद्यांना आवरतात. त्याच थराच्या तळाशी बास्केट पेशी असतात. त्यांचे तंतू पुर्किंजेच्या देहाभोवती परडीसारखे विणलेले असतात. स्पॅनिश शास्त्रज्ञ रामोन इ काहाल यांनी १८८८ मध्ये पक्ष्यांच्या लहान मेंदूत ते पाहिले, तेही इटलीच्या गॉल्जी यांनी शोधलेल्या रंजनपद्धतीने! गॉल्जींचे नाव मिळालेल्या पेशी खालच्या कणमय थरात राहतात.

याच थरातली एकध्रुवी ब्रश पेशी मला विलक्षण वाटते. तिला एकच आखूड फांदी, टोकाला दाट झुबका. वर सांगितलेल्या मध्यस्थ पेशी रोखतात, ही मात्र उत्तेजन देते. क्षणभराच्या संकेताला ती बराच काळ जागते ठेवू शकते. आतल्या कानाकडून तोलाचे संकेत येतात त्या भागात, म्हणजे नोड्युलस आणि फ्लॉक्युलसमध्ये, या पेशींची दाटी असते. इतरत्र त्या विरळ होत जातात. डोके वळले तरी नजर स्थिर ठेवण्याचे काम याच भागात चालते.