हात, डोळा आणि विद्या
(संघाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



प्रारंभीच एक कबुली देणे आम्हांस प्राप्त आहे. गेल्या वर्षी शिष्यवृत्ती-समितीपुढे आपल्यातील एका मुलीचा अर्ज आला होता. तिला संकल्पनाचे, म्हणजे ज्याला आज सर्वत्र डिझाइन म्हणतात त्याचे, शिक्षण घ्यावयाचे होते. 'चित्रे काढण्यासाठी निधी नाही' असा शेरा मारून आम्ही तो अर्ज परत केला. वैद्यक, अभियांत्रिकी आणि हिशेबनिशी या पोट भरणाऱ्या विद्या, बाकी सारे छंद, अशी आमची समजूत होती. पुढे तिच्या आजोबांनी आम्हांस एवढेच विचारले, "आपण जातीचे तांबट. आपला बंब काय कोणी विचार न करताच घडवीत होते?" या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. ते शोधावयास आम्ही बसलो, आणि जे हाती आले ते आज आपणांपुढे ठेवीत आहोत.

चार्ल्स व रे ईम्स हे अमेरिकन संकल्पक दांपत्य भारत सरकारच्या निमंत्रणावरून या देशात हिंडले व 1958 साली त्यांनी आपला अहवाल सादर केला. देशातील अनेक सुंदर वस्तू पाहून त्यांनी सर्वाधिक गौरव केला तो आपल्या साध्या लोट्याचा. त्यात पाणी किती मावावे, भरलेला लोटा हातात वा कमरेवर कसा तोलला जावा, धार कशी पडावी, घासावयास तो सोपा कसा व्हावा, त्यास खर्च किती यावा, या साऱ्याचा विचार पिढ्यान्‌पिढ्या होत गेला, असे त्यांनी दाखविले. या अहवालातूनच पुढे 1961 साली अहमदाबादेस राष्ट्रीय संकल्पन संस्था उभी राहिली. जे आपल्या आळीत घडत होते ते पाहुण्यांनी ओळखले. आम्ही मात्र त्यास विद्या म्हणावयास तयार नव्हतो.

ही विद्या शिकविणारे गुरू कोणत्या वाटेने आले, हेही पाहण्याजोगे आहे. जर्मनीतील योझेफ आल्बर्स हे घरे रंगविणाऱ्या कारागिराचे पुत्र. प्राथमिक शाळेत शिक्षकी केल्यानंतर, वयाच्या 32 व्या वर्षी, 1920 साली ते बाउहाउस या नव्या कलाशाळेत विद्यार्थी म्हणून दाखल झाले. साहित्यास पैसे नसत, म्हणून गावाच्या उकिरड्यावरून काचेचे तुकडे वेचून ते त्यांतून कलाकृती घडवीत. 1923 पासून ते तेथेच शिकवू लागले. एकदा त्यांनी विद्यार्थ्यांपुढे जुनी वर्तमानपत्रे टाकली आणि सांगितले, काही वाया न घालविता यांचे काहीतरी करा. कोणी किल्ला केला, कोणी जहाज. गुरुजींनी वाखाणला तो केवळ मधोमध दुमडून उभा केलेला कागद. कारण त्यात कागदाचा गुण ओळखला गेला होता. आपला मठारकाम करणारा कारागीर दुसरे काय करतो? ठोक्याने पत्र्यास नक्षी तर येतेच, पण पत्रा टणकही होतो. 1933 साली नाझी राजवटीच्या दडपणाखाली ती शाळा बंद पडली. इंग्रजी जेमतेम येत असताही आल्बर्स अमेरिकेस गेले आणि तेथे त्यांनी दोन पिढ्यांस रंग पाहावयास शिकविले.

आपल्या मुंबईची उदाहरणे घ्या. श्री. सुधाकर नाडकर्णी जे. जे. मध्ये शिकले, जर्मनीतील उल्म येथील विद्यालयातून 1966 साली पदवीधर झाले, आणि 1969 साली पवईच्या आय. आय. टी. मध्ये सुरू झालेल्या औद्योगिक अभिकल्प केंद्राच्या उभारणीत त्यांनी धुरा वाहिली. पुढे गुवाहाटीसही त्यांनी हेच कार्य केले. रघुनाथ कृष्ण जोशी हेही जे. जे. चेच. त्यांनी अनेक वर्षे जाहिरात-संस्थांत नोकरी केली, आणि 1983 साली ते त्या केंद्रात अध्यापक झाले. अक्षर हे हाताच्या वळणातून व लेखणीच्या धारेतून जन्मते, हे त्यांनी विद्यार्थ्यांस प्रत्यक्ष लिहवून शिकविले. 2008 साली ते निवर्तले. परंतु संगणकावर ज्या 'मंगल' अक्षरमालेत असंख्यांनी मराठी लिहिले, ती त्यांचीच.

या तिघांत एक सूत्र आम्हांस दिसते. कोणीही सरळ रस्त्याने आला नाही. प्रत्येकाने आधी काही काम केले वा दूरचे गाव गाठले, मग आसन घेतले. आणि तिघांनीही नक्कल शिकविली नाही, पाहावयास शिकविले. आपल्या कारखान्यांत पोर प्रथम भाता ओढी, मग पत्रा धरी, मग हातोडी घेई. पद्धत तीच, केवळ ती कागदावर कोणी मांडली नाही, म्हणून आपणच तिला अडाणी ठरविले.

पालकांची काळजी आम्ही जाणतो. या शिक्षणास खर्च फार, प्रवेश अवघड, आणि प्रत्येकास यश येईल अशी हमी कोणी देऊ शकत नाही. परंतु अशी हमी अभियांत्रिकीसही कोठे आहे? भांडी घडविणारे हात आळीत थोडेच उरले आहेत. मुलांनी पुन्हा हातोडीच धरावी असा आमचा आग्रह नाही. पण त्या हातांतील ज्ञान नव्या विद्येस जोडणारे कोणी आपल्यातून निघाले नाही, तर ते ज्ञान हातांबरोबरच जाईल.

म्हणून आमच्या दोन विनंत्या आहेत. शिष्यवृत्तीच्या नियमांत संकल्पन व कला यांचे शिक्षण समाविष्ट करावे, असा ठराव आम्ही आजच्या सभेपुढे मांडीत आहोत. आणि ज्या वृद्धांनी बंब, हंडे, कळश्या घडविल्या, त्यांनी सुटीत आपल्या नातवंडांस एक वेळ तरी ठोका कसा बसतो ते दाखवावे.

ती मुलगी या सभेत बसली आहे, हे आम्हांस ठाऊक आहे. मुली, गतवर्षीचा तो शेरा चुकीचा होता. यंदा तू पुन्हा अर्ज कर. निर्णय समितीचा असेल; परंतु आमचे मत तुझ्या बाजूने पडेल, हे वचन आम्ही सर्वांसमक्ष देतो.