बुटीबोरीच्या कारखान्यात संगणकाचं शिक्षण

नागपूरच्या दक्षिणेला बुटीबोरीची विस्तीर्ण औद्योगिक वसाहत आहे. त्याच परिसरात, वारंगा गावाजवळ, 2016 मध्ये स्थापन झालेली भारतीय माहिती तंत्रज्ञान संस्था आहे. केंद्र आणि राज्य सरकारसोबत टीसीएस आणि सीनसिस या कंपन्या तिच्या भागीदार आहेत.

संगणक शिकणारी आपली मुलं मात्र अनुभव म्हटलं की पुणे किंवा बंगळूरूच पाहतात. मला हे खटकतं, कारण तो अनुभव बुटीबोरीच्या कारखान्यांतही मिळू शकतो. टायर असो की सूत, आजच्या कारखान्यात यंत्राला आज्ञा देणारा पीएलसी असतो, तापमान आणि दाब पडद्यावर दाखवणारी स्काडा प्रणाली असते, कच्च्या मालापासून बिलापर्यंतचा हिशेब ठेवणारं ईआरपी असतं. सेन्सर मध्येच गप्प झाला तर नोंदीचं काय करायचं? रात्रपाळीत सर्व्हर बंद पडला तर माल कसा निघणार? वर्गातला डेटाबेस असे प्रश्न विचारत नाही. कारखान्यात मात्र कोडच्या चुकीच्या एका ओळीनं अख्खी पाळी थांबू शकते, म्हणून तपासून काम करायची सवय लागते.

पदवी किंवा पदविका झाल्यावरही कारखान्यात शिकायची वाट आहे, ती शिकाऊ उमेदवारीची. शिकाऊ उमेदवार कायदा 1961 चा. 1973 च्या दुरुस्तीनं त्यात अभियांत्रिकीचे पदवीधर आणि पदविकाधारकही आले. या शिकाऊ उमेदवारीत विद्यावेतन मिळतं.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, या उमेदवारीसाठी राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण योजनेच्या पोर्टलवर नाव नोंदवा, आणि शेवटच्या वर्षाची वाट न पाहता कॉलेजच्या प्लेसमेंट विभागाकडे बुटीबोरीतल्या कारखान्यांची चौकशी करा.