वांड कोण, आणि त्याला वांड ठरवितो कोण?

(प्राथमिक शिक्षकांच्या सभेंत केलेलें भाषण)



आजच्या सभेस विषय दिला आहे, "वर्गांतील वांड मुलांचा बंदोबस्त". बंदोबस्त हा शब्द चौकीवर शोभतो. शाळेंत तो आला कीं आमच्या मनांत शंका उभी राहते. वांड कोणास म्हणावयाचें हें खुर्चीवर बसलेला ठरवितो, आणि शिक्का बसतो तो समोर बसलेल्या पोरावर. बड्या अंमलदाराच्या मुलानें मध्येंच प्रश्न केला तर तो चुणचुणीत. ऊसतोड्याच्या पोरानें केला तर तो उद्धट! हा तराजू आधीं आपण आपल्या हातांत तपासून पाहिला पाहिजे.

शाहू महाराजांनीं १९१७ सालीं कोल्हापूर संस्थानांत प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें. मूल शाळेंत न धाडणाऱ्या पालकास दंडही ठेविला. परंतु सक्ती मुलाला शाळेच्या दारापर्यंतच आणते. दाराच्या आंत तें टिकावें कीं पळून जावें, हें राजाच्या हुकुमानें ठरत नाहीं; तें मास्तराच्या तोंडच्या शब्दानें ठरतें.

आज कायदाही मुलाच्या बाजूस आहे. २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. त्याच्या १७ व्या कलमानें मुलास मारणें आणि त्याचा मानसिक छळ करणें या दोहोंस मनाई केली. १६ व्या कलमाप्रमाणें प्राथमिक शिक्षण पुरें होईपर्यंत मुलास शाळेंतून काढून टाकतां येत नाहीं. यावर कित्येक गुरुजी म्हणतात, "आमची छडी घेतली, आतां आमचें ऐकतो कोण?" आम्ही विचारतों, छडी होती तेव्हां तरी कोण ऐकत होतें? वर्ग गप्प बसत होता इतकेंच. गप्प बसणें निराळें आणि शिकणें निराळें. छडीच्या भयानें ज्यांनीं शाळा सोडली, त्यांची नांवें पटावरून उडालीं आणि वर्ग शांत झाला. ती शांतता आम्हांस नको!

मूल दंगा कां करतें तें पाहा. दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर तें उसाच्या फडावर जातें, आणि उन्हाळा लागतां लागतां परत येतें. तोंवर वर्ग पुढें गेलेला असतो. गुरुजी म्हणतात, "उभा राहा, वाच." त्याला वाचतां येत नाहीं. चारचौघांत "ढ" ठरण्यापेक्षां "दांडगा" ठरणें त्याला बरें वाटतें. म्हणून तें शेजारच्यास चिमटा काढतें. तुम्ही त्याला वर्गाबाहेर उभें करतां, आणि त्याची वाचण्यांतून सुटका होते. म्हणजे शिक्षा म्हणून तुम्ही त्याला हवें तेंच दिलें! दुसऱ्या एखाद्यास फळ्यावरचें दिसत नसेल, ऐकूं कमी येत असेल, किंवा तें उपाशी आलें असेल. हीं कारणें रागाच्या भरांत दिसत नाहींत.

म्हणून पहिला उपाय एका वहीचा. पंधरा दिवस तीनच गोष्टी लिहा: खोडीच्या आधीं काय घडलें, मुलानें काय केलें, आणि त्यानंतर त्याला काय मिळालें. खोडी गणिताच्याच तासाला होते कीं जेवणाच्या सुटीआधीं होते, हें वही तुम्हांस सांगेल. रोगाचें निदान झालें कीं औषध सांपडतें.

दुसरा उपाय नजरेचा. जेकब कौनिन या अमेरिकन पंडितानें १९७० सालीं आपल्या ग्रंथांत दाखविलें कीं, चांगल्या शिक्षकाचें वेगळेपण दंगा झाल्यावर तो काय करतो यांत फारसें नसतें. दंगा होऊंच नये म्हणून आधीं तो काय करतो यांत असतें. सगळ्या वर्गावर त्याचें लक्ष असतें, कोणी रिकामा बसत नाहीं. फळ्याकडे तोंड करून अर्धा तास लिहिणाऱ्याच्या पाठीमागें बाजार भरला तर नवल कसलें?

तिसरा उपाय शाबासकीचा. १९६८ सालीं मॅडसन, बेकर व थॉमस यांनीं दोन वर्गांत प्रयोग केला. नुसते नियम सांगून फारसा फरक पडला नाहीं. किरकोळ खोडीकडे काणाडोळा करून चांगल्या वागण्याची वाखाणणी केली, तेव्हां फरक पडला. पण सावध राहा. काणाडोळा सुरू केल्यावर पहिले कांहीं दिवस खोडी वाढते. तेव्हां धीर सोडूं नका. मारामारीकडे किंवा दुबळ्याच्या छळाकडे मात्र काणाडोळा करूं नये. तेथें तात्काळ मध्यें पडावें. समज द्यावयाची ती मुलाच्या जवळ जाऊन, हळू आवाजांत, एकट्याला. चारचौघांत पाणउतारा केला कीं पोर इरेस पेटतें.

चौथी गोष्ट पालकांची. मजुरी करणाऱ्या आईस शाळेंत बोलावलें कीं तिचा दिवसाचा रोज बुडतो, आणि वर तिला ऐकावी लागते पोराची तक्रार. घरीं गेल्यावर तो राग पोराच्या पाठीवर निघतो. एखादे वेळीं तुम्हीच तिच्या दाराशीं जा आणि म्हणा, "बाई, आज तुमच्या लेकानें वर्ग सारवल्यासारखा स्वच्छ केला," किंवा "आज त्यानें एक ओळ स्वतः वाचली." मग तीच आई तुमची साथीदार होते.

आतां सरकारासही दोन शब्द. कायद्यानें प्राथमिक वर्गांत तीस मुलांमागें एक शिक्षक सांगितला आहे. एकाच मास्तराच्या गळ्यांत चार इयत्ता आणि कचेरीचे कागद बांधून वर "मुलांस प्रेमानें सांभाळा" म्हणणें ही थट्टा आहे. शिक्षकांनीं आपल्या हक्कासाठीं अवश्य भांडावें; परंतु सरकारावरचा राग मुलांवर काढूं नये.

तेव्हां या सभेनें असा ठराव करावा अशी आमची सूचना आहे: प्रत्येकानें आपल्या वर्गांतील सर्वांत "वांड" म्हणविलें जाणारें एक मूल निवडावें, महिनाभर त्याची वही ठेवावी, आणि निदान एकदां त्याच्या घरीं चांगली वार्ता न्यावी. तसेंच मुलाच्या जातीवरून किंवा बापाच्या धंद्यावरून काढलेला शब्द हा छडीइतकाच मार समजावा. छडीचा वळ चार दिवसांनीं जातो. तो शब्द मूल जन्मभर विसरत नाहीं.