दोन तारखा

व्यासपीठावरील गुरुजन आणि माझ्या १९९७च्या दहावीच्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजक म्हणाले, "तू अमेरिकेला कशी गेलीस ते सांग, मुलांना उपयोग होईल." आपल्यापैकी अनेकांची मुलं आता इंजिनिअरिंगला आहेत. म्हणून मी जाण्याबरोबर येण्याबद्दलही बोलणार आहे.

एप्रिल २००७ मध्ये कंपनीने माझा एच-वन-बी व्हिसाचा अर्ज भरला. मर्यादा वर्षाला ६५ हजारांची आणि पहिल्याच दिवशी त्याहून जास्त अर्ज आले. मग सोडत निघाली. माझा नंबर लागला.

मुलाखतीसाठी आप्पा माझ्याबरोबर संगमनेरहून रात्रीच्या एसटीने मुंबईला आले. तेच आप्पा, ज्यांच्या सायकलच्या दुकानात तुमच्यापैकी निम्म्यांनी फुकट हवा भरली आहे. तेव्हा अमेरिकेची वकिलात ब्रीच कँडीला होती. आत फोन नेता येत नव्हता. आप्पा माझी पिशवी आणि फोन धरून बाहेर फुटपाथवर उभे राहिले. मी बाहेर आल्यावर "झालं?" एवढंच विचारलं आणि चहाची टपरी शोधायला निघाले.

व्हिसाचा शिक्का तीन वर्षांचा होता. २०१० मध्ये कंपनीने माझी मुदत वाढवून घेतली. तिथे राहून काम करायला तो कागद पुरतो. पण पासपोर्टमधला शिक्का संपला होता. तो देशात शिरण्यासाठी लागतो आणि त्यासाठी अमेरिकेबाहेरच्या वकिलातीत जावं लागतं. म्हणजे घरी आलं की परतण्याआधी पुन्हा अर्ज, आणि कागद तपासणीत अडकले तर किती आठवडे जातील सांगता येत नाही. "पुढच्या सुट्टीत बघू" म्हणत मी ते लांबवलं.

जानेवारी २०११ मध्ये आप्पा आजारी पडले. फोनवर म्हणाले, "घाई करू नकोस, अडकशील." मी ऐकलं. सोयीचं होतं म्हणून ऐकलं. पोहोचले तेव्हा अंत्यविधी होऊन गेला होता.

तेराव्यानंतर शिक्क्यासाठी पुन्हा ब्रीच कँडीला गेले. या वेळी पिशवी ओळख ना पाळख अशा एका दुकानदाराकडे ठेवली. ज्या कामाला मी इतकी भीत होते, ते आठ दिवसांत झालं.

नोकरीला मी दोष देत नाही. त्याच पगारात घर झालं, धाकट्या भावाचं शिक्षण झालं. मुलांना जरूर जाऊ द्या. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने बाहेरून बोलावलेल्यांच्या नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर केलं, त्यामुळे त्यांची वाट कदाचित दुसऱ्या देशाची असेल. देश कुठलाही असो, घरच्या कॅलेंडरवर दोन तारखा लिहून ठेवा : राहण्याची मुदत कधी संपते आणि परत आत शिरण्याची परवानगी कधी संपते. दुसरी तारीख उलटण्याआधी मुलांना घरी बोलवा, तुम्ही धडधाकट असताना बोलवा. आणि आजारी पडलात तर "येऊ नकोस" असं म्हणू नका.

आप्पांनी हवेचे पैसे कधी मागितले नाहीत. त्यांच्या वतीने मी आज एवढंच मागते.