शीत संलयन : उष्णता मिळाली, न्यूट्रॉन कुठे?

23 मार्च 1989 रोजी अमेरिकेतील युटा विद्यापीठात फ्लाइशमन आणि पॉन्स या रसायनशास्त्रज्ञांनी जड पाण्यात पॅलॅडियमचा इलेक्ट्रोड ठेवून, वीज सोडून अणुसंलयनाची उष्णता मिळाल्याचे जाहीर केले. पण तेवढी उष्णता जड पाण्यातल्या ड्यूटेरियमच्या (जड हायड्रोजनच्या) नेहमीच्या संलयनातून आली असती, तर न्यूट्रॉनच्या माऱ्यातून प्रयोग करणारे वाचलेच नसते! प्रक्रिया वेगळीच असेल, असे समर्थक म्हणतात. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही तेव्हा संलयनातून तयार होऊ शकणारे ट्रिटियम आढळल्याची नोंद झाली. ती झटकून टाकण्याजोगी नाही, मात्र हव्या त्या प्रयोगशाळेत तोच परिणाम पुन्हा दिसल्याशिवाय दावा सिद्ध होत नाही. गूगलच्या पैशावर झालेल्या, 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधातही संलयन सापडले नाही. सूक्ष्म उष्णता मोजण्याची साधने मात्र सुधारली. शोध चालू ठेवायला, माझ्या मते, तेवढे कारण पुरे.